दोन महिने की चार वर्षं? मेंदूत पसरलेल्या कर्करोगाच्या एका शस्त्रक्रियेचं प्रकरण

दाखल झाल्याच्या दिवशी, आयुष्याचा अंदाज देणाऱ्या एका तक्त्यानं या बाईंच्या वाट्याला २.३ महिने दिले. तीन आठवड्यांनी दुसऱ्या तक्त्यानं, एका शंकेचं उत्तर अनुकूल धरलं तर, ४६.८ महिने दिले. बाई त्याच होत्या, आजारही तोच. दोन्ही तक्ते नामांकित आहेत, आणि दोन्हींमध्ये आकडेमोड बरोबरच केली होती. मग एवढा फरक पडला कशामुळे, आणि त्यातलं काय बाईंना सांगायचं, काय त्यावरून ठरवायचं, हे या प्रकरणात तपासायचं आहे.

आधी एक खुलासा. हे रुग्णचित्र अभ्यासासाठी रचलेलं आहे, कुणा एकीची केस उचललेली नाही. ज्या अभ्यासांचे आकडे खाली येतात ते मात्र खरे, प्रसिद्ध झालेले आहेत.

दाखल होताना

वय ६१. कधीच धूम्रपान नाही. पाच-सहा आठवड्यांपासून डोकेदुखी, सकाळी उठल्यावर जास्त. मग उलट्या सुरू झाल्या, चालताना उजवीकडे तोल जाऊ लागला, कपातला चहा सांडू लागला. शेवटच्या आठवड्यात त्या अंथरुणालाच खिळल्या. खाणं, अंघोळ, कपडे बदलणं, सगळ्याला माणूस लागत होतं.

एमआरआयमध्ये लहान मेंदूच्या उजव्या बाजूला ३.६ सेंटिमीटरची गाठ दिसली. कडेनं चमकणारी, आत मऊ पडलेली, भोवती भरपूर सूज. तिच्या दाबानं चौथी पोकळी चेपली गेली होती, आणि मेंदूतल्या पाण्याला वाट अपुरी पडून वरच्या पोकळ्या फुगू लागल्या होत्या. डाव्या बाजूला वर आणखी एक गाठ होती, ८ मिलिमीटरची. छाती-पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसात तीन सेंटिमीटरचा गोळा निघाला. शिवाय मूत्रपिंडावर असणाऱ्या डाव्या ॲड्रिनल ग्रंथीत दीड सेंटिमीटरची एक गाठ. ही दीड सेंटिमीटरची गाठ लक्षात ठेवा, पुढे तिच्यावर बरंच काही अवलंबून आहे.

कार्नोफ्स्की स्कोर ५०. पेशंट रोजचं जगणं किती सांभाळू शकतो याचं, १९४० च्या दशकात मांडलेलं हे माप ० ते १०० असं, दहा-दहाच्या पायऱ्यांचं आहे. १०० म्हणजे काहीही तक्रार नाही. ७० म्हणजे स्वतःचं स्वतः करता येतं, पण कामधंदा जमत नाही. ५० म्हणजे बऱ्याचशा गोष्टींना मदत लागते आणि वरचेवर उपचार लागतात.

पहिल्या दिवशीचे अंदाज

मेंदूत कर्करोग पसरलेल्या पेशंटचे आयुष्याच्या अंदाजानुसार वर्ग पाडणारी आरपीए नावाची वर्गवारी १९९७ साली प्रसिद्ध झाली. १९७९ ते १९९३ या काळात अमेरिकेतल्या चाचण्यांमध्ये रेडिएशन घेतलेल्या १२०० पेशंटवरून ती तयार केली होती. तिचा पहिलाच प्रश्न कार्नोफ्स्कीचा आहे. स्कोर ७० च्या खाली असेल तर पेशंट थेट तिसऱ्या वर्गात जातो, पुढचं काही विचारलंच जात नाही. तिसऱ्या वर्गाचं मध्यक आयुष्य (निम्मे ज्याच्या आधी जातात आणि निम्मे नंतर, तो काळ) २.३ महिने. पहिल्या वर्गाचं, म्हणजे स्कोर ७० किंवा जास्त, वय ६५ च्या आत, मूळ गाठ आटोक्यात आणि मेंदूबाहेर पसरलेलं नाही अशांचं, ७.१ महिने.

२००८ सालच्या जीपीए या तक्त्यामध्ये वय, कार्नोफ्स्की, मेंदूतल्या गाठींची संख्या आणि मेंदूबाहेरचा प्रसार या चार गोष्टींना गुण दिले जातात, एकूण चारपैकी. बाईंना त्यात अर्धा गुण मिळाला, तोसुद्धा गाठी दोनच असल्यामुळे. अंदाज २.६ महिने.

तिसरा तक्ता फुप्फुसाच्या कर्करोगासाठीचा, लंग-मोलजीपीए, २०१७ सालचा. वय, कार्नोफ्स्की, गाठींची संख्या, मेंदूबाहेरचा प्रसार आणि जनुकीय बदल अशा पाच बाबी. अजून तुकडाच तपासलेला नसल्यामुळे जनुकाचा गुण शून्य. ॲड्रिनलची गाठ पसरलेल्या रोगाचीच धरली, तर तिथेही शून्य. कार्नोफ्स्की ७० किंवा कमी, शून्य. वय सत्तरीच्या आत म्हणून अर्धा, गाठी चारच्या आत म्हणून अर्धा. एकूण १. ॲडिनोकार्सिनोमा हा फुप्फुसाच्या कर्करोगाचा प्रकार गृहीत धरला तर मध्यक ६.९ महिने.

हे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवून कुणी म्हणेल, दोन ते सात महिने, एवढ्यासाठी डोकं कशाला उघडायचं? प्रश्न रास्त आहे. पण उत्तर त्या आकड्यांत नव्हतं.

स्कोर ५० कशामुळे?

माझ्या मते या प्रकरणाचा कणा इथे आहे. तक्त्याला फक्त ५० दिसतो, त्यामागचं कारण दिसत नाही. कर्करोगानं वर्षभर पोखरलेला, वजन निम्म्यावर आलेला, यकृत निकामी होत चाललेला पेशंटही ५० वरच असतो. आणि महिन्याभरापूर्वी रोज कामावर जाणारी, केवळ लहान मेंदूवरच्या दाबामुळे आडवी झालेली बाईसुद्धा ५० वरच असते. पहिल्याचा ५० परत वर चढत नाही. दुसरीचा चढू शकतो. आरपीए दोघांनाही एकाच खणात टाकते.

याची चाचणी घेता येते आणि ती स्वस्त आहे. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू केल्यावर सूज ओसरते, आणि सुधारणा व्हायची असेल तर ती बहुतेकदा दोन-तीन दिवसांत दिसते. इथे दुसऱ्या दिवशी उलट्या थांबल्या, तिसऱ्या दिवशी बाई उठून बसल्या आणि स्वतःच्या हातानं जेवल्या. स्कोर ६०. दहाच गुणांचा फरक आणि तक्त्यातला वर्ग तोच. पण दुबळेपण रोगाचं नसून दाबाचं आहे, हे त्यातून कळलं.

दुसरी गोष्ट, शस्त्रक्रियेचा निर्णय महिन्यांच्या अंदाजावर घ्यायचाच नव्हता. पाण्याची वाट तुंबत होती. ती पूर्ण बंद झाली असती तर प्रश्न दिवसांचा होता. एवढ्या मोठ्या, दाब देणाऱ्या गाठीला नुसतं रेडिएशन देणं धोक्याचं असतं, कारण सुरुवातीला सूज वाढू शकते, आणि कवटीच्या मागच्या तळाशी वाढीव सुजेला जागाच नसते. म्हणून चौथ्या दिवशी शस्त्रक्रिया ठरली.

शस्त्रक्रियेनं आयुष्य वाढतं का?

याचा पुरावा तीन जुन्या चाचण्यांमध्ये आहे आणि तो एकमुखी नाही. १९९० साली पॅचेल आणि सहकाऱ्यांनी मेंदूत एकच गाठ असलेल्या ४८ पेशंटची चाचणी प्रसिद्ध केली. शस्त्रक्रिया आणि रेडिएशन मिळालेल्यांचं मध्यक आयुष्य ४० आठवडे, नुसतं रेडिएशन मिळालेल्यांचं १५. आयुष्याच्या लांबीपेक्षा मला त्यातली दुसरी जोडी महत्त्वाची वाटते. कुणाच्या मदतीशिवाय जगता आलेला काळ पहिल्या गटात ३८ आठवडे होता, दुसऱ्यात ८. म्हणजे वाढलेले आठवडे अंथरुणातले नव्हते.

नेदरलँड्समधल्या चाचणीत ६३ पेशंट होते. तिथेही शस्त्रक्रियेचा फायदा दिसला, पण शरीरातला रोग आटोक्यात असलेल्यांनाच. ज्यांचा मेंदूबाहेरचा रोग वाढत होता त्यांचं मध्यक आयुष्य दोन्ही गटांत पाच महिने. १९९६ सालच्या कॅनडातल्या चाचणीत, ८४ पेशंटमध्ये, फायदा दिसलाच नाही. त्या चाचणीत कार्नोफ्स्की ५० पर्यंतचे पेशंटही घेतले होते, पॅचेलच्या चाचणीत ७० च्या खालचे नव्हते. तिन्ही निकाल एकत्र वाचले की विरोधाभास कमी होतो. मेंदूतली गाठ काढून आयुष्य वाढतं ते तेव्हाच, जेव्हा माणूस त्या गाठीमुळे जाणार असतो. तो फुप्फुसामुळे किंवा यकृतामुळे जाणार असेल तर मेंदूतली गाठ काढून तारीख बदलत नाही.

म्हणूनच शस्त्रक्रिया झालेल्यांच्या नोंदींवरून बांधलेल्या कुठल्याही अंदाजाकडे जपून पाहावं लागतं. त्या नोंदींत फक्त तेच असतात ज्यांना कुणीतरी सर्जननं टेबलावर घेण्याजोगे ठरवलं. अशी प्रणाली सांगेल की ‘शस्त्रक्रिया झालेल्या अशा पेशंटपैकी इतके जण वर्षभर जगले.’ हा पेशंट शस्त्रक्रियेशिवाय किती जगला असता, हे ती सांगू शकत नाही, कारण तसा माणूस तिनं पाहिलेलाच नाही. करावी की करू नये या प्रश्नासाठी असा आकडा वापरणं म्हणजे त्याला न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडून घेणं. हे सर्रास होतं, आणि संगणकी प्रणाली जितकी नवी आणि देखणी तितकं अधिक होतं.

टेबलावर

कवटीचा मागचा भाग उघडून गाठ गाठली. शक्यतो अशी गाठ तुकडे न करता, भोवतीच्या मेंदूपासून सोडवत सोडवत अखंड काढायची असते. लहान मेंदूतल्या गाठी तुकड्या-तुकड्यांनी काढल्या तर पेशी पाण्यात सुटून मेंदूच्या आवरणात रुजण्याचा धोका वाढतो, असं अनेक नोंदींत दिसलं आहे. इथे गाठीचा मधला भाग मऊ, पूसारखा होता. वरची बाजू नीट सुटली. खालच्या बाजूला भिंत फाटली आणि उरलेला भाग शोषून काढावा लागला. ४८ तासांच्या आत केलेल्या एमआरआयमध्ये काही शिल्लक दिसलं नाही. अहवालात ‘संपूर्ण काढली’ असं लिहिलं गेलं, आणि ते खरंच होतं. पण ‘अखंड की तुकड्यांत’ याला कुठल्याही तक्त्यात रकाना नाही.

हाती आलेल्या तुकड्याचं मोल वेगळंच. पॅचेलच्या चाचणीत सुरुवातीला घेतलेल्या ५४ जणांपैकी ६ जणांची गाठ तपासणीत पसरलेल्या कर्करोगाची निघालीच नव्हती. आज स्कॅन पुष्कळ सुधारले आहेत, तरी तुकडा हातात असणं ते असणंच. शिवाय मेंदूतल्या गाठीची जनुकं मूळ गाठीपेक्षा वेगळी असू शकतात. २०१५ साली ८६ पेशंटच्या मूळ गाठी आणि मेंदूतल्या गाठी जोडीनं तपासल्या गेल्या, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांच्या मेंदूतल्या गाठीत उपचाराच्या दृष्टीनं कामाचा असा बदल सापडला जो मूळ गाठीच्या तुकड्यात दिसला नव्हता.

इथे पॅथॉलॉजीनं फुप्फुसाचा ॲडिनोकार्सिनोमा सांगितला, आणि तिसऱ्या आठवड्यात जनुकीय रिपोर्ट आला: ईजीएफआर जनुकात एक्सॉन १९ या भागातला तुकडा गळालेला. या बदलावर ओसिमर्टिनिब ही रोजची गोळी चालते, आणि ती रक्तातून मेंदूतही बऱ्यापैकी पोचते. ईजीएफआर बदल असलेल्या, आधी उपचार न घेतलेल्या पुढच्या टप्प्यातल्या पेशंटच्या मोठ्या चाचणीत या गोळीवर मध्यक आयुष्य ३८.६ महिने होतं, जुन्या गोळ्यांवर ३१.८.

तिसऱ्या आठवड्यातली आकडेमोड

आता तक्ता पुन्हा मांडू. कार्नोफ्स्की ८०: बाई घरात कुणाच्या आधाराशिवाय चालत होत्या, कामं करत होत्या, फक्त दम लागायचा. वयाचा अर्धा, कार्नोफ्स्कीचा अर्धा, संख्येचा अर्धा, जनुकाचा एक. झाले अडीच. राहिली ती ॲड्रिनलची गाठ. ती कर्करोगाची असेल तर शून्य, साधी असेल तर एक. अडीच गुणांना मध्यक २६.५ महिने. साडेतीनला ४६.८. दीड सेंटिमीटरच्या गाठीवर वीस महिने टांगलेले.

साध्या सीटीवर ती सौम्य गाठीसारखी फिकी दिसत नव्हती. पेट स्कॅनमध्ये उजळली. पक्कं करायचं तर सुई घालून तुकडा घ्यावा लागला असता. तो घेतला नाही, आणि माझ्या दृष्टीनं हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय होता. उत्तर काहीही आलं असतं तरी गोळी तीच, रेडिएशन तेच. बदलला असता तो फक्त अंदाज. अंदाज सुधारावा एवढ्यासाठी माणसाच्या पोटात सुई घालू नये. पेटवर उजळली म्हणून ती कर्करोगाची धरली आणि अडीचवर थांबले.

पण अडीचसुद्धा जरा उदारपणाचेच आहेत. तक्ता ज्यांच्यावरून बांधला त्यांचा कार्नोफ्स्की मेंदूतल्या गाठीचं निदान झालं त्या सुमाराचा आहे, शस्त्रक्रियेनंतरचा नाही. शस्त्रक्रियेतून सुखरूप बाहेर पडून तीन आठवड्यांनी चालत येणारी व्यक्ती ही एका चाळणीतून आधीच पार पडलेली असते. तिचा ८० आणि निदानाच्या दिवशीचा ८० एकाच तागडीत घालता येत नाही. नियम काटेकोर पाळून पहिल्या दिवशीचा ५० च धरला, तर बेरीज दोन होते आणि मध्यक १३.७ महिने.

म्हणजे एक अंदाज १३.७ चा, एक २६.५ चा. पहिला बाईंची खरी ताकद मोजत नाही, दुसरा तक्त्याचा नियम मोडतो. यात कुठला बरोबर हे गणितानं सुटत नाही. पाहणाऱ्या डॉक्टरला आपलं वजन कुठेतरी टाकावं लागतं. इथे मधला, वीस महिन्यांच्या आसपासचा आकडा धरला गेला. आधीची प्रकृती उत्तम होती आणि दुबळेपण दाबाचं होतं हे कारण वर खेचणारं. गाठ तुकड्यांत निघाली हे खाली खेचणारं.

आपल्या अंदाजावर डॉक्टरांनी किती विसंबावं याचा हिशेबही झालेला आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३४३ डॉक्टरांनी आयुष्याच्या अखेरीस सेवा घेणाऱ्या ४६८ पेशंटबद्दल अंदाज दिले. अचूक म्हणता येतील असे २० टक्के. ६३ टक्के अंदाज गरजेपेक्षा आशावादी. म्हणून तक्ता टाकून द्यायचा नसतो, तो आपल्याला खाली ओढून धरतो. पण तक्त्यांची नजरही फार तीक्ष्ण नाही. दोन पेशंटपैकी आधी कोण जाईल हे ओळखण्याची कसोटी लावली, तर नाणं उडवून दहातले पाच बरोबर येतात. या क्षेत्रातल्या बऱ्याच प्रणाली सातच्या आसपास येतात. गटागटांत फरक करायला हे पुरतं, एका माणसाची तारीख काढायला नाही.

बाईंशी झालेलं बोलणं

बाई, त्यांचे पती आणि मुलगी असे तिघे बसले होते. पतींना आकडा नको होता. बाईंना हवा होता.

“डॉक्टर, मला सरळ सांगा. नोकरी सोडू की रजा टाकू?”

हा प्रश्न मला या प्रकरणात फार मोलाचा वाटतो, कारण अंदाज कशासाठी हवा आहे हे तो सांगतो. ‘किती दिवस?’ याला उत्तर नसतं. ‘रजा की राजीनामा?’ याला असतं.

मध्यक म्हणजे निम्मे त्याच्या आधी जातात, निम्मे त्याच्या नंतर. एकच आकडा सांगितला की ऐकणारा तो तारखेसारखा धरून बसतो. म्हणून पट्टे सांगायची एक उपयोगी रीत आहे: मध्यकाच्या निम्म्यापासून दुपटीपर्यंत साधारण निम्मे लोक येतात, एक-दशांशाच्या आसपास लोक मध्यकाच्या सहाव्या हिश्श्याच्या आतच जातात, आणि जवळजवळ तेवढेच तिपटीच्या पुढे जातात. वीस महिन्यांना ही रीत लावून डॉक्टर म्हणाले, “ताई, तुमच्यासारख्या दहा जणी डोळ्यांसमोर आणा. पाच जणी दहा महिने ते सव्वातीन वर्षं या दरम्यान जातात. एखादी तीन-चार महिन्यांतच जाते, सगळं नीट केलं तरी. एखादी पाच वर्षांनंतरही तपासणीला येते. उरलेल्या मधेमधे. तुम्ही यातल्या कुठल्या, हे आज कुणालाच कळणार नाही. पण पहिल्या तीन महिन्यांच्या स्कॅननंतर मी आजच्यापेक्षा जास्त सांगू शकेन.”

“म्हणजे रजा,” बाई म्हणाल्या.

“रजा. आणि बँकेची, घराची कागदपत्रं मात्र याच महिन्यात करून टाका.”

मुलीनं विचारलं, तीन-चार महिन्यांचं सांगायची गरज होती का? माझं मत, होती. कागदपत्रांचा सल्ला त्या एकीमुळेच दिला होता. वाईट टोक लपवलं असतं तर तो सल्ला उगाच घाबरवण्यासारखा वाटला असता.

गाठीच्या जागेवर रेडिएशन

काढलेल्या जागेवर काहीच केलं नाही तर बऱ्याच जणांत गाठ परत येते, हे पक्कं आहे. २०१७ सालच्या एका चाचणीत नुसतं लक्ष ठेवलेल्यांपैकी वर्षभर ४३ टक्क्यांची जागा स्वच्छ राहिली, गाठ काढून झालेल्या पोकळीवर नेमकं रेडिएशन दिलेल्यांपैकी ७२ टक्क्यांची. पूर्वी संपूर्ण मेंदूवर देत. त्याच वर्षीच्या, १९४ पेशंटच्या दुसऱ्या चाचणीत संपूर्ण मेंदू की फक्त पोकळी अशी तुलना झाली. मध्यक आयुष्य ११.६ आणि १२.२ महिने, म्हणजे फरक नाही. स्मृती आणि विचारशक्ती मात्र पोकळीपुरतं रेडिएशन घेतलेल्यांची अधिक टिकली. जिला दोन वर्षं मिळण्याची बरी शक्यता आहे, तिच्यासाठी स्मृती जपण्याला अर्थ आहे. इथे आयुष्याचा अंदाज खरोखर निर्णयाच्या कामी आला. पोकळीवर आणि डावीकडच्या ८ मिलिमीटरच्या गाठीवर नेमकं रेडिएशन, मग ओसिमर्टिनिब ८० मिलिग्रॅम रोज.

पुढे काय झालं

तिसऱ्या महिन्याच्या स्कॅनमध्ये फुप्फुसातला गोळा निम्म्याहून लहान झाला होता. ॲड्रिनलची गाठही आटली. कर्करोगाच्या गोळीनं आटली म्हणजे ती कर्करोगाचीच होती. सुई न घालता उत्तर मिळालं, थोडं उशिरा. पाचव्या महिन्यात बाई अर्धवेळ कामावर रुजू झाल्या, आठव्यात पूर्णवेळ.

पंधराव्या महिन्यात पुन्हा डोकेदुखी, आणि एकाचे दोन दिसणं. काढलेल्या गाठीची जागा स्वच्छ होती, डावीकडची गाठ नाहीशी. पण लहान मेंदूच्या घड्यांमधून बारीक चमकत्या रेषा दिसल्या आणि पाठीतून काढलेल्या पाण्यात कर्करोगाच्या पेशी सापडल्या. रोग आवरणात उतरला होता. त्या दिवशी आधीचे सगळे अंदाज रद्द झाले. ‘वीसपैकी पंधरा झाले, पाच उरले’ अशी वजाबाकी पतींनी केली होती, तीही चालणार नव्हती. परिस्थिती बदलली की पेशंट दुसऱ्या गटात जातो आणि मोजणी नव्यानं सुरू होते. आवरणात उतरलेल्या रोगाला बहुधा काही महिनेच मिळतात. डॉक्टरांनी तेच सांगितलं, ओसिमर्टिनिब १६० मिलिग्रॅमवर नेलं. या वेळी बाईंनी राजीनामा दिला. शस्त्रक्रियेनंतर १९ महिन्यांनी त्या गेल्या. फुप्फुसातला रोग तेव्हाही आटोक्यातच होता.

अंदाज बरोबर आला का? धरलेला वीस, झाले एकोणीस, असं म्हणून पाठ थोपटून घेण्याजोगं इथे काही नाही. मृत्यूचा वेग कायम एकसारखा असतो असं साधं गृहीत धरून हिशेब केला, तर मध्यक १३.७ असलेल्या गटात १०० पैकी ६२ जण १९ महिन्यांच्या आत जातात. मध्यक २६.५ असलेल्या गटात ३९. म्हणजे १९ महिन्यांचा मृत्यू दोन्ही गटांत अगदी सहज बसतो. त्या तिसऱ्या महिन्यात गेल्या असत्या किंवा सहाव्या वर्षी, तरी तक्ता त्यामुळे चुकीचा ठरला नसता. तक्ता खरा की खोटा हे अशा शेकडो जणी एकत्र मोजल्यावर ठरतं.

तपासता येतं ते मृत्यूचं कारण. १९९८ साली पॅचेल यांनीच ९५ पेशंटमध्ये दाखवलं होतं की शस्त्रक्रियेनंतर संपूर्ण मेंदूला रेडिएशन दिल्यानं मेंदूच्या आजारानं होणारे मृत्यू ४४ टक्क्यांवरून १४ वर आले, तरी एकूण आयुष्य वाढलं नाही, कारण लोक दुसऱ्या कारणानं जात राहिले. नव्या गोळ्यांनी शरीरातला रोग आटोक्यात ठेवायला सुरुवात केल्यापासून हे गणित उलटू लागलं आहे. या बाई मेंदूबाहेरच्या रोगानं गेल्या नाहीत. ज्या वाटेनं गेल्या ती वाट बहुधा टेबलावर, गाठीची खालची भिंत फाटली तेव्हाच उघडली होती. अंदाजाच्या नोंदीत पुढच्या वेळी तीन गोष्टी भराव्यात, असं या प्रकरणाच्या चर्चेत ठरलं: कार्नोफ्स्कीच्या शेजारी त्याची तारीख, तो कमी असेल तर कशामुळे, आणि गाठ अखंड निघाली की तुकड्यांत.